रास्ता रोको पेटला की चूक कोणाची? (आणि नेट बंद करून नेमकं काय साधतं?)

तापीकाठचा
मागच्या हंगामात केळीच्या भावावरून आमच्याकडे रास्ता रोको झाला. दोन तास सगळं शांत होतं. भजन चाललं होतं, पोलिसांनाही आमच्यातलाच चहा. निवेदन घ्यायला आलेले साहेब "वरिष्ठांना कळवतो" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. तिथून बिघडलं. दगड, लाठीमार, मग "पोरगं गेलं" अशी अफवा. रात्री नेट बंद, ते तीन दिवस.
बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव आम्ही मोबाईलवर बघतो. ते तीन दिवस व्यापारी सांगेल तोच भाव. भावासाठी रस्त्यावर बसलो आणि भावच दिसेना!
माझं मत: ज्याला निर्णय घेता येतो असा अधिकारी पहिल्या दोन तासांत रस्त्यावर यायला हवा. बंदोबस्त नंतर.

डबल_बेल
एसटीत वाहक आहे. काच फुटली ती माझ्याच गाडीची. दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या बॅगेत हात घातला तर त्यातही काचेचा चुरा. गाडीत कोण होतं? कॉलेजची पोरं आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या. त्यांनी पाडला का केळीचा भाव?
साहेब आला नाही म्हणून एसटी फोडायची, हा कुठला न्याय? १९८४ च्या कायद्यात सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती होत नाही म्हणून दगड स्वस्त झालाय. मन्हं काय चुकनं ते सांग भो.

तापीकाठचा
तुमचं काहीच चुकलं नाही भाऊ. दगड मारणारा आमच्यातला नव्हता.

डबल_बेल
तो कधीच कुणाच्यातला नसतो.

काळा_कोट_जळगाव
दोघांनाही थोडं. नेट बंदचा आदेश कलेक्टर काढत नाही, राज्याचा गृहसचिव काढतो. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असा आदेश प्रसिद्ध करावा लागतो आणि बेमुदत बंदी चालत नाही. तो आदेश तुमच्याकडे कुणी मागितला? मागत नाही कुणी, म्हणून लपतो.
आणि ते पोरगं गेलं नव्हतं ना?

तापीकाठचा
नाही हो वकीलबाई. डोक्याला तीन टाके. संध्याकाळी घरी भाकर खात बसलं होतं.

काळा_कोट_जळगाव
मग त्यालाच समोर बसवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकायचा होता. अफवा पसरायला वेळ मिळाला तो प्रशासन गप्प बसल्यामुळे. नेट बंद केल्यावर तो व्हिडिओही कुणापर्यंत पोचणार नव्हता.

देवपूरकर
बाई, कागदावर छान आहे. आम्ही धुळ्यात जानेवारी २०१३ पाहिलंय. हॉटेलच्या बिलावरचं भांडण, आणि शेवट पोलीस गोळीबारात. सहा जण गेले. हॉटेलातलं भांडण दंगल व्हायला किती वेळ लागतो ते आम्हाला विचारा. अशा वेळी व्हिडिओ करत बसणार? आधी जमाव पांगवा, नेट बंद करा, मग चर्चा. तीन दिवस भाव दिसला नाही तर मरत नाही कुणी.

मास्तर_नंदुरबार
देवपूरकर, २०१३ वरून मी उलटं शिकलो. भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली होती, पण १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सुरेश खोपडे तिथे पोलीस अधिकारी असताना त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बांधल्या होत्या, म्हणजे दोन्ही समाजांतले रहिवासी आणि पोलीस नेहमी एकत्र बसायचे. आपल्याकडची शांतता समिती गणपती-ईदच्या आधी एकदा बसते. चहा, बिस्किट, फोटो.
आंदोलकांनाही सांगतो. शिरीषकुमारचं नाव घेऊन रस्त्यावर बसता. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात ती पोरं गोळ्या झेलत उभी राहिली, पण समोर परकं सरकार होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीत म्हणाले की सनदशीर मार्ग मोकळे असताना असल्या पद्धती म्हणजे अराजकाचं व्याकरण. त्यांनी त्यात सत्याग्रहही धरला होता, हे आपण सोयीनं विसरतो.

तापीकाठचा
मास्तर, मान्य. पण 'मार्ग मोकळे असताना' हेही त्यांनीच म्हटलंय ना? माझ्याकडे फाईल आहे. दोन वर्षांत सात निवेदनं, सातही पोच शिक्क्यासकट. उत्तर एकालाही नाही. आठवं रस्त्यावर दिलं.

देवपूरकर
सात निवेदनं दिली म्हणून आठव्याला हायवे अडवायचा हक्क मिळतो का? तुमच्या मागे कुणाचा केळीचा ट्रकही उभाच असेल, उन्हात.

तापीकाठचा
होता. चुलतभावाचाच होता. आजही नीट बोलत नाही माझ्याशी.

डबल_बेल
त्या पोचा घेऊन या एक दिवस. सुटीच्या दिवशी मीही येतो सोबत, विचारू सातही निवेदनांचं काय झालं ते. पण काचेचा हिशेब वेगळा, तो मी सोडणार नाही.