विंटर एल फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका

एका भाऊनं लिहिलंय की विंटर एल (हिवाळ्यासाठी बनवलेली गोडसर, कडक बिअर) म्हणजे नुसतं गोड सरबत, बर्फासारखी थंड केली तरच घशाखाली उतरते. माझा अनुभव उलटा. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी, त्यामुळे हा कार्यक्रम यवतमाळकडच्या साडूच्या शेतात, शेकोटीपाशी.

पहिला घोट थंडगार घेतला तर खरंच फक्त गोडी अन् जळजळ. मग ग्लास वीसेक मिनिटं तळहातात धरून बसलो. दहा-बारा अंशांवर आली तशी चव उलगडली: आधी काकवी, मग भाजलेल्या पोळीची करपट कड, शेवटी मनुका. हे सगळं भाजलेल्या माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं देणं. मला वाळल्या मोहफुलांचा वासही आला, पण साडू म्हणे तो तुमच्या नाकाचा दोष!

हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा यात कमीच असतो, तो शोधू नका. घोट गिळल्यावर गोडी सुटते की जिभेला चिकटून राहते, एवढं पाहा. आमची थोडी चिकटलीच, म्हणून दहापैकी सहा.

अन् ठेच्यासोबत घेऊ नका बाप्पा, तिखट अन् सात टक्के अल्कोहोल मिळून तोंड पेटतं. भाजलेले शेंगदाणे बरे.