मदत हवी आहे: रिसीव्हरचा टाइट एंड करताना ब्लॉकिंगचा क्रम कसा लावायचा?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बारकाईने बघणाऱ्यांना प्रश्न. डॅरेन वॉलर 2015 मध्ये रेव्हन्सकडे रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) म्हणून आला आणि टाइट एंड (पास झेलणारा, पण लाइनवर ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणंही करणारा) होऊन 2020 मध्ये रेडर्सकडून 107 झेल, 1,196 यार्ड करून बसला. उलट असाच बदल करू पाहणाऱ्या केल्विन बेंजामिनला जायंट्सनी 2021 च्या कॅम्पच्या सुरुवातीलाच सोडलं.

झेलांचं सोडा. अडतं ते टॅकलशेजारी (लाइनच्या टोकाचा आपला ब्लॉकर) जमिनीला हात टेकून बसल्यावर. रिसीव्हरला उभ्याने निघायची सवय, त्यामुळे स्नॅप होताच (चेंडू खेळात येताच) तो आधी सरळ होतो आणि मग पुढे सरकतो. तेवढ्यात 270 पौंडांचा डिफेन्सिव्ह एंड (समोरच्या लाइनच्या टोकाचा बचावपटू) त्याच्या छातीत हात घालतो. रिसीव्हरचे हात बाहेरून त्याच्या खांद्यावर पडतात आणि होल्डिंगच्या (नियमबाह्य पकडण्याच्या) दंडात 10 यार्ड जातात.

माझ्या मते आखूड पहिलं पाऊल, वाकलेले गुडघे आणि आतून हात हे 225 पौंडांवरच घोटून घ्यावं, मग वजन सावकाश 240-245 वर न्यावं. घाईने चढवलं तर वेग जातो, लाइनबॅकरही (लाइनमागचा बचावपटू) सहज चिकटतो. मग बदल केला कशासाठी?

डाउन ब्लॉकने (आतल्या बाजूच्या बचावपटूला बाजूने ढकलणं) सुरुवात ठीक, कोन आयता मिळतो. पण पुढे काय घ्यावं, थेट रीच ब्लॉक (बचावपटूच्या बाहेरच्या बाजूला पोचून त्याला अडवणं) की आधी टॅकलसोबत डबल-टीम (दोघांनी मिळून एकाला ढकलणं)? आणि पास प्रोटेक्शनमध्ये (पास टाकणाऱ्याचा बचाव करताना) त्याला डिफेन्सिव्ह एंडसमोर एकटा कधी सोडावा?