मधुचंद्रासाठी पिरॅमिड आणि समुद्रकिनारा: इजिप्त की मेक्सिको?

रानवारा (प्रश्न):
जानेवारीच्या अखेरीस आमचे लग्न आहे आणि त्यानंतर लगेच दहा-अकरा दिवस परदेशी जाण्याचा विचार आहे. माझ्या होणाऱ्या पत्नीला पुरातत्त्वाची ओढ आहे आणि प्राचीन पिरॅमिड पाहायचेच, ही तिची एकमेव अट आहे. मला मात्र लग्नाच्या दगदगीनंतर निदान तीन-चार दिवस समुद्राकाठी निवांत पडून राहायचे आहे. दोघांचीही हौस एकाच देशात भागेल अशी दोन ठिकाणे डोळ्यांसमोर आहेत: एक म्हणजे कैरो आणि तांबड्या समुद्राचा किनारा, दुसरे म्हणजे मेक्सिकोचे युकातान द्वीपकल्प. प्रवासी कंपन्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत पिरॅमिडांच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस आलेला दिसतो. तेवढा वेळ पुरतो का? आणि पिरॅमिड आधी पाहावेत की समुद्र आधी गाठावा?

वाळूघड्याळ:
आपल्या भावी पत्नीची आवड खरोखर पुरातत्त्वाची असेल, तर अर्धा दिवस अजिबात पुरणार नाही आणि इजिप्तला पर्यायही नाही. माझा आग्रह मात्र असा की गिझा, म्हणजे कैरोजवळचे सर्वांत प्रसिद्ध पिरॅमिड, सर्वांत शेवटी पाहावे. पहिल्या दिवशी कैरोच्या दक्षिणेकडील सक्काऱ्याला जा. इ.स.पू. 2650 च्या सुमारास झोसेर या राजासाठी उभारलेला तेथील पायऱ्यांचा पिरॅमिड ही या परंपरेची सुरुवात आहे. इम्होतेपकडे त्याच्या रचनेचे श्रेय जाते, आणि एकावर एक लहान होत गेलेले सहा टप्पे पाहिले की पिरॅमिडाची कल्पना कशी सुचली असेल ते न सांगताच कळते. तेथून पुढे दहशूरला स्नेफेरू राजाचा वाकडा पिरॅमिड आहे. त्याच्या भिंती सुमारे 54 अंशांच्या चढाने वर निघतात आणि मध्यावर एकदम 43 अंशांपर्यंत कलतात. बांधकामाला तडे जाऊ लागल्यामुळे चढ कमी करावा लागला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच राजाने जवळच बांधलेला, 105 मीटर उंचीचा लाल पिरॅमिड सुरुवातीपासूनच सौम्य चढाचा आहे. हे सगळे पाहून दुसऱ्या दिवशी गिझाला त्याच्या मुलाच्या, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडासमोर उभे राहिलात, की मूळच्या 146 मीटर उंचीमागे आदल्या पिढ्यांचे किती प्रयोग आहेत ते लक्षात येते. पायऱ्यांच्या पिरॅमिडापासून येथवरचा हा सारा प्रवास साधारण शंभर वर्षांतला आहे. नुसते गिझा पाहणाऱ्याला शेवटचे पान तेवढे वाचायला मिळते.

तिसरा दिवस गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमसाठी राखून ठेवावा. 1954 मध्ये पिरॅमिडाच्या पायथ्याशी सापडलेली खुफूची देवदारी नौका आता तेथे आहे आणि तुतनखामूनच्या थडग्यातील वस्तूही तेथेच एकत्र मांडल्या आहेत.

आपल्या दोघांच्या आवडींना जोडणारा एक धागा मुद्दाम सांगतो. 2013 मध्ये पिएर ताले या फ्रेंच अभ्यासकाच्या चमूला तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जार्फ येथे, खुफूच्या काळातील पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख, सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड नावांमधून गिझाला कसे पोहोचवले जात, याची नोंद तो रोजच्या रोज ठेवत असे. तेव्हा समुद्रकिनारी पहुडलात तरी पिरॅमिडांपासून फार दूर आहात असे समजू नका.

निळाई:
वरील प्रतिसाद वाचून कोणालाही कैरोचे तिकीट काढावेसे वाटेल, पण पतिराजांच्या समुद्राची बाजू कोणीतरी मांडायला हवी. फेब्रुवारीत तांबड्या समुद्रावरील हुर्घादा आणि शर्म अल-शेखच्या किनाऱ्यावर ऊन छान असते, परंतु उत्तरेकडून वारा सुटतो आणि पाण्याचे तापमान 21-22 अंशांवर उतरते. त्याच सुमारास युकातान द्वीपकल्पावरील कानकुनचे पाणी 26 अंशांच्या आसपास असते, वादळांचा हंगाम संपलेला असतो आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर साचणारे सार्गासम शेवाळही सहसा फारसे नसते.

पिरॅमिडही कमी प्रतीचे समजू नयेत. कानकुनपासून सुमारे 200 किलोमीटरवर चिचेन इत्झा हे प्राचीन माया लोकांचे शहर आहे. तेथील कुकुल्कान या नागदेवतेच्या पिरॅमिडाला चारही बाजूंनी 91 पायऱ्या आहेत आणि वरच्या चौथऱ्याची एक धरली की वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे 365 होतात. त्यावर चढण्यास आता बंदी आहे. मला स्वतःला युकातानमधलेच उश्माल हे दुसरे माया शहर अधिक भावले, कारण तेथील जादूगाराच्या पिरॅमिडाचा पाया लंबगोल आहे आणि गर्दीही कमी असते. मात्र हे पिरॅमिड गिझापेक्षा तीन हजारांहून अधिक वर्षांनी उशिराचे आहेत आणि प्रामुख्याने मंदिरांचे चौथरे आहेत. त्यामुळे दोन्हींची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. एक व्यावहारिक गोष्ट सांगते: कानकुन ज्या राज्यात आहे तेथील घड्याळ, चिचेन इत्झा ज्यात आहे त्या युकातान राज्याच्या एक तास पुढे असते. पहाटे निघाल्यास तो तास आपल्या पदरात पडतो आणि पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या येण्याआधी चिचेन इत्झा पाहून होते.

रानवारा:
दोघांचेही मनापासून आभार. पत्नीचा कौल अर्थातच इजिप्तला आहे आणि मेरेरची रोजनिशी वाचल्यावर मीही विरोध सोडला. आता दोनच शंका उरल्या आहेत. पिरॅमिडाच्या आत जाणे खरोखर आवश्यक आहे का? मला अरुंद जागेत गुदमरल्यासारखे होते. आणि समुद्रासाठी नेमके कोणते गाव निवडावे?

वाळूघड्याळ:
आत जाणे सक्तीचे नाही आणि खुफूच्या पिरॅमिडात शिरण्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. चढती वाट जेमतेम सव्वा मीटर उंचीची असल्याने वाकूनच चढावे लागते. तिच्यापुढची मोठी दालनवाट मात्र साडेआठ मीटर उंच आहे आणि तेथे मोकळा श्वास घेता येतो. त्रास होत असेल तर आपण बाहेर थांबावे आणि पत्नीला जाऊ द्यावे. दहशूरचा लाल पिरॅमिड आतून पाहणे तिला बहुधा जास्त आवडेल, कारण तेथे गर्दी विरळ असते. पण बाहेरून बरेच वर चढून मग लांब उतार उतरावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. गिझाला आता नव्या प्रवेशद्वारातून विजेच्या बसने आत फिरता येते. उंटवाल्यांशी घासाघीस करण्याची इच्छा नसेल तर त्यांच्याकडे पाहूही नये. शुक्रवार आणि शनिवार हे तेथील सुटीचे दिवस असल्याने ते टाळावेत. आपल्या तारखा रमजानमध्ये येत असतील तर स्थळांच्या वेळा कमी झालेल्या असतात, तेही आधी पाहून ठेवावे.

निळाई:
हरले मी, पण किनारा तरी नीट निवडा. कैरोहून हुर्घादाला विमानाने तासाभरात पोहोचता येते आणि वाटल्यास तेथून सुमारे चार तासांच्या रस्त्याने लक्झर गाठून राजांची दरी, म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांची जागाही पाहता येते. निव्वळ विश्रांती आणि थोडे स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरून पोहणे) हवे असेल तर हे सोयीचे आहे. प्रवाळ पाहण्याची मनापासून इच्छा असेल तर शर्म अल-शेख घ्यावे, कारण रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यान तेथून जवळ आहे आणि कित्येक हॉटेलांसमोर पाण्यात उतरताच प्रवाळ दिसू लागतात. वाऱ्याचा त्रास चुकवण्यासाठी खोली घेण्यापूर्वी हॉटेल आडोशाच्या खाडीत आहे की उघड्या किनाऱ्यावर, हे नकाशावर तपासावे.

आपण विचारलेल्या क्रमाबद्दल माझे मत असे की पिरॅमिड आधी आणि समुद्र नंतर. थकवा समुद्राकाठीच उतरतो. मात्र स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर शेवटचे डायव्हिंग आणि परतीचे विमान यांत निदान अठरा तासांचे अंतर ठेवावे लागते. त्यामुळे समुद्रावरचा शेवटचा दिवस कोरडा जाईल असे धरूनच आखणी करावी.