नफा सरळ चढतोय, फ्री कॅश फ्लो मात्र वरखाली. विमा कंपनीत असं का?

गोरेगावकर_७
एका लिस्टेड जनरल इन्शुरन्स कंपनीचे दहा वर्षांचे आकडे मांडले. ऑपरेटिंग कॅश फ्लोमधून (रोजच्या धंद्यातली रोकड) कॅपेक्स (भांडवली खर्च) वजा केला. नफा दरवर्षी थोडाथोडा वाढतोय, पण फ्री कॅश फ्लो कधी नफ्याच्या तिप्पट, कधी चक्क उणे. यावर डीसीएफ (भावी रोकड आजच्या किमतीत आणून कंपनीचं मूल्य काढणं) करू का? लाइफ कंपनीला हीच रीत चालेल?

फोर्टचा_अंडररायटर
नका करू. प्रीमियम आधी येतो, क्लेम मागाहून जातो, त्यामुळे नुसतं वाढत राहिलं तरी रोकड दिसते.

समजा प्रीमियमच्या ३०% खर्च, ४०% क्लेम त्याच वर्षी, ३५% पुढच्या वर्षी. म्हणजे कम्बाइंड रेशो (प्रीमियमच्या तुलनेत खर्च अधिक क्लेम, टक्क्यांत) १०५, धंदा तोट्याचाच. प्रीमियम १००० कोटींवर स्थिर असेल तर दरवर्षी उणे ५०. एका वर्षी तो १४०० झाला की १४०० − ४२० − ५६० − ३५० = अधिक ७०! पुढच्या वर्षी १४००वरच थांबला, तर मागचे ४९० द्यावे लागतात आणि आकडा उणे ७०. पॉलिसी तीच, तोटाही तोच.

ताळेबंद_दादर
शिवाय आपल्याकडे विमा कंपन्यांचं कॅश फ्लो स्टेटमेंट डायरेक्ट मेथडने (प्रत्यक्ष आलेली-गेलेली रोकड मांडून) असतं, आणि मिळालेलं व्याज-लाभांश ऑपरेटिंगमध्ये नाही, इन्व्हेस्टिंगच्या (गुंतवणुकीच्या) भागात बसतं. ऑपरेटिंग उणे दिसलं म्हणून घाबरलेला माणूस बॉण्डचं व्याज बघतच नाही. पण त्याच भागात रोखे खरेदी-विक्रीही असते, म्हणून अख्खा इन्व्हेस्टिंग आकडा मिळवू नका, व्याज-लाभांशाची ओळ तेवढी उचला.

पीक विमा जास्त असेल तर राज्यांच्या अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, आकडा एका मार्चमधून दुसऱ्यात सरकतो. मोटार थर्ड पार्टीचे दावे ट्रिब्युनलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात, तोवर पैसा कंपनीकडेच. आणि १ ऑक्टोबर २०२४पासून दीर्घ मुदतीच्या पॉलिसीचा प्रीमियम वर्षांत वाटून दाखवावा लागतो. रोकड मात्र एकदमच येते.

गोरेगावकर_७
मग भागधारकाचे खरे पैसे कुठे शोधायचे?

फोर्टचा_अंडररायटर
जनरलमध्ये: करोत्तर नफा, वजा वाढीव धंद्यासाठी अडकलेलं भांडवल. सॉल्व्हन्सी रेशो (हाती असलेलं भांडवल भागिले नियमाने लागणारं भांडवल) किमान १.५ लागतो, कंपन्या त्याच्या वर उशी ठेवतात. त्या उशीवरचं जे उरेल तेच वाटता येतं. आधीच्या वर्षांच्या क्लेमची तरतूद पुढे वाढवावी लागली का, तेही पाहा. तरतूद कमी ठेवली की नफा फुगतो, रोकडीचं बिंग नंतर फुटतं.

लाइफला तुमची फ्री कॅश फ्लोची रीत अजिबात नको. तिथे नवी पॉलिसी विकली की कमिशन आणि रिझर्व्ह (पुढच्या दाव्यांसाठीची तरतूद) पहिल्याच वर्षी लागतात, म्हणून जोरात विकणारी कंपनी भांडवल खाते. पॉलिसीधारक खात्यातून भागधारक खात्यात आलेला सरप्लस बघा. पार फंडात (नफ्यात वाटा म्हणून बोनस देणाऱ्या पॉलिसींचा फंड) भागधारकांचा वाटा फार तर बोनसच्या नवव्या हिश्शाइतका. बाकी बघायचं ते व्हीएनबी (नव्या पॉलिसींतून अपेक्षित नफ्याचं आजचं मूल्य) आणि एम्बेडेड व्हॅल्यू (भागधारकांची निव्वळ मालमत्ता अधिक चालू पॉलिसींच्या पुढच्या नफ्याचं आजचं मूल्य).

ताळेबंद_दादर
यातलं बरंच कंपनीच्या साइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर’मध्ये असतं. स्क्रीनरवरचा (शेअर छाननीच्या वेबसाइटवरचा) आयता आकडा घेऊ नका, तिथे विमा कंपनी आणि सिमेंट कंपनीला एकच सूत्र लावलेलं असतं.