लाकूड कातायचा वापरलेला लेथ घेताना: नागपूरकरांचे अनुभव (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याची वस्ती दिली आहे)

प्रतापनगर

मी बँकेत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. गेल्या चार वर्षांत दोन टेबले, पुस्तकांची एक मांडणी आणि आईसाठी एक चौरंग एवढे सामान हातून झाले. चौरंगाचे पाय मात्र मला लकडगंजातल्या एका खराद्याकडून, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातणाऱ्या कारागिराकडून, कातून आणावे लागले, आणि त्या चारांपैकी एका पायावरचा मणी (कातून काढलेला गोल फुगवटा) इतर तिघांपेक्षा दोन सूत (पाव इंच) खाली उतरलेला निघाला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण जिन्याच्या कठड्याच्या मोठ्या कामात त्याने माझे चार पाय मेहरबानी म्हणूनच घुसवले होते. तेव्हापासून स्वतःचा लेथ असावा असे मनात आहे. वर्षाला पंधरा-वीस पाय, अधूनमधून एखादे लाटणे आणि पुढेमागे घरच्या बंगईचे (झोपाळ्याचे) खांब, एवढेच माझे काम असल्यामुळे नवे मशीन घेणे परवडले तरी पटत नाही. सध्या दोन वापरलेली मशीन नजरेत आहेत. एक कामठीला आहे, ज्याला विकणारे "पाच फुटी" म्हणतात. दुसरे हिंगणा एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधले असून त्याला थ्री फेज (कारखान्याच्या वीजजोडणीवर चालणारी) मोटर आहे. ज्यांनी असा व्यवहार केला आहे त्यांनी काय पाहून घेतले, आणि काय पाहायचे राहून गेले, हे सविस्तर लिहावे. भावापेक्षा चुका लिहिल्यात तर अधिक उपयोग होईल.

हनुमाननगर

"पाच फुटी" या शब्दावरच प्रथम थांबा, कारण मी नेमका तिथेच फसलो. आपल्याकडे लेथ बेडच्या, म्हणजे खालच्या लांब बैठकीच्या, लांबीवरून ओळखला जातो. त्या लांबीतली जागा एका टोकाला हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा भाग) आणि दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक (समोरून लाकूड दाबून धरणारा सरकता भाग) खातो, त्यामुळे दोन सेंटरांच्या, म्हणजे लाकूड धरणाऱ्या दोन अणकुचीदार टोकांच्या, मध्ये उरणारे अंतर बरेच कमी असते, आणि लाकूड तर त्या उरलेल्या अंतरातच बसवायचे असते. मी आठ वर्षांपूर्वी "चार फुटी" म्हणून घेतलेल्या मशीनमध्ये टेलस्टॉक अगदी टोकापर्यंत सरकवूनही २६ इंचांपेक्षा लांब तुकडा बसत नसे. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ३० इंच धरली आणि वरची फळी एक इंच वजा केली, तर पाय २९ इंचांचा होतो, म्हणजे ज्या कामासाठी लेथ घेतला नेमके तेच काम त्याच्यावर होईना. मग दोन तुकड्यांत पाय कातून मधल्या मण्याखाली चूल (भोकात बसणारी खुंटी) बसवून जोडण्याचा उद्योग मी केला. तो दिसायला चांगला झाला, पण प्रत्येक पायाला एक अख्खा रविवार गेला. बीड लोखंडाचा बेड मागाहून लांब करता येत नाही. दोन वर्षांनी मी ते मशीन खुर्च्या आणि स्टुले करणाऱ्या एका गृहस्थांना विकले, आणि ते त्यावर खूश आहेत, कारण त्यांचा पाय अठरा इंचांचा आहे.

म्हणून मशीन पाहायला जाण्याआधी आपण आजवर केलेल्या आणि करू इच्छित असलेल्या सर्वांत लांब पायाचे माप एका कागदावर लिहून खिशात ठेवावे, आणि तिथे टेप सेंटरच्या टोकापासून सेंटरच्या टोकापर्यंत लावावा. बंगईचे खांब चार फुटांच्या वर जात असतील तर ते काम खराद्याकडेच राहू द्यावे.

मोतीबाग, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त

मी आयुष्यभर लोखंडाच्या लेथवर काम केले; निवृत्तीनंतर नातवंडांसाठी लाकडाकडे वळलो. ओळखीतल्यांसाठी आतापर्यंत सहा-सात वापरलेली मशीन तपासून दिली आहेत. माझा क्रम ठरलेला आहे.

पहिल्यांदा मशीन बंद ठेवायला सांगतो. विकणाऱ्याला ते चालवून दाखवण्याची घाई असते, कारण मोटरच्या आवाजाखाली बाकीचे आवाज दबतात. पट्टा उतरवून स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरता दांडा) हाताने सावकाश फिरवावा. चांगले बेअरिंग तुपातून फिरल्यासारखे फिरते, आणि खराब असेल तर बोटांना रवाळ खरखर जाणवते. मग स्पिंडल दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहावा. किंचित जरी टकटक झाली तरी बेअरिंग गेले आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे हाउसिंगच (बेअरिंग ज्यात बसते तो भाग) झिजले आहे, असे समजावे. बेअरिंग बदलणे स्वस्त असते. समजा ६२०६ क्रमांकाचे असेल, म्हणजे आतला व्यास ३० मिलिमीटर आणि बाहेरचा ६२, तर ते बाजारात कुठेही मिळते आणि त्याच्यासाठी सौदा मोडू नये. हाउसिंग झिजले असेल तर मात्र नमस्कार करून घरी यावे. जुन्या मशीनमध्ये बेअरिंगऐवजी गनमेटल या धातूचे बुश (नळीसारखी कडी) असतात. तेही चालतात, पण त्यांना रोज तेल लागते, आणि महिन्यातून एकदा मशीन लावणारा माणूस तेल विसरतोच.

त्यानंतर स्पिंडलच्या तोंडातला टेपर (सेंटर बसायचे निमुळते भोक) पाहावा. लाकडाच्या मशीनमध्ये बहुधा मोर्स टेपर क्रमांक १ किंवा २ असतो. क्रमांक २ चे तोंड साधारण १७.८ मिलिमीटर भरते. आत चिंधी फिरवून मग करंगळी घालावी. सेंटर आतल्या आत घसरून फिरला असेल तर ओरखड्यांच्या कडा नखाला लागतात. असा टेपर सेंटर पकडत नाही, आणि पाय कातताना मध्येच लाकूड थांबते नि टूल अडकते.

टेलस्टॉक पुढे आणून दोन्ही सेंटरांची टोके एकमेकांना भिडवावीत. ती टोकाला टोक मिळाली पाहिजेत. उंचीत फरक असेल तर टेलस्टॉकखाली पत्र्याची पट्टी घालून तो काढता येतो. बाजूला फरक असेल तर बेड वाकला आहे का, हे सरळ पट्टी लावून तपासावे. टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) वरच्या कडेला खड्डे असतीलच, ती कानस मारून सरळ होते. रेस्ट धरणाऱ्या बीडाच्या भागाला वेल्डिंगची शिवण दिसली तर मात्र मला तो सौदा नको वाटतो.

आता मशीन चालू करावे आणि हेडस्टॉकवर पाच रुपयांचे जुने जाड नाणे उभे करावे. मधल्या वेगावर ते उभे राहिले तर मशीन शांत आहे असे मी मानतो. पडले तर आधी पट्टा आणि पुली पाहावी, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी ताणलेला पट्टा त्याच आकारात बसतो नि धक्के देतो. पट्टा बदलल्यावर पुन्हा नाणे लावावे.

एक आपल्या गावचे सांगतो. मशीन कुठे ठेवलेले होते हे विचारावे. मागे एका घरी मी अत्यंत सुरेख मशीन पाहिले, पण ते चार उन्हाळे कूलरच्या मागच्या बाजूला उभे होते, आणि बेडच्या खालच्या अंगाला गंजाचे पापुद्रे बोटाने सुटत होते, वरून मात्र ताजा हिरवा रंग. ताज्या रंगाचे मशीन मी नेहमी खाली वाकून पाहतो.

बजाजनगर

मी घरांची अंतर्गत सजावट करते आणि नमुने स्वतः कातते. माझे मशीन थ्री फेज मोटरचे आहे, म्हणून हिंगण्याच्या मशीनविषयी लिहिते. घरी सिंगल फेज असताना असे मशीन लोक टाळतात आणि त्यामुळे ते स्वस्त पडते. मी एक अश्वशक्तीच्या मोटरला व्हीएफडी हा वीज बदलून देणारा नियंत्रक जोडला. तो घरातली २३० व्होल्टची सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देतो, आणि गोल बटण फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकण्याची कटकट जवळपास संपते.

यात एक मेख आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. या आकाराच्या मोटरी साधारणपणे ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगांचे एकेक टोक एकत्र बांधून) येतात, तर सिंगल फेजवरचा व्हीएफडी २३० च्या आसपासच देतो, म्हणून मोटर डेल्टा जोडणीत (तिन्ही वाइंडिंगे त्रिकोणासारखी जोडून) आणावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर पट्ट्या बदलून दहा मिनिटांत काम होते. माझ्या मोटरीतून तीनच टोके बाहेर आलेली होती, म्हणजे स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्येच केलेला होता. मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊन तो सांधा उकलून सहा तारा बाहेर काढून घ्याव्या लागल्या. त्याच्याकडे कूलरच्या मोटरींची रांग लागलेली असल्यामुळे एप्रिलमध्ये दिलेली मोटर जूनमध्ये परत आली. तेव्हा टर्मिनल बॉक्सचे झाकण तिथेच उघडून टोके मोजावीत, आणि मोटरचे काम हिवाळ्यात करून घ्यावे.

ओढणी, लांब बाह्या आणि हातमोजे लेथजवळ नकोत. मोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो. मी सुती कुर्त्याच्या बाह्या कोपरावर दुमडते, मंगळसूत्र आत घालते आणि तोंडासमोर पारदर्शक ढाल लावते.

सक्करदरा

तान्ह्या पोळ्यासाठी मी लाकडी बैल करतो, म्हणजे मला मुख्यतः चार इंचांची चाके लागतात. मी घेतलेल्या छोट्या लेथवर आधीच्या मालकाने पाण्याच्या पंपाची मोटर बसवली होती. पाटीवर २८८० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेले होते, आणि ते मी वाचलेही होते, फक्त त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. लेथच्या पुल्या १४४० च्या मोटरीचा हिशेब धरून केलेल्या होत्या. मोटरवर दोन इंच आणि स्पिंडलवर सहा इंच अशा सर्वांत मंद पायरीवरही स्पिंडल मिनिटाला ४८० ऐवजी ९६० वेळा फिरत होता, आणि सारख्या पुल्यांवर तर थेट २८८०. इंचांतला व्यास गुणिले आरपीएम सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवावे असा ढोबळ नियम आहे. माझे चार इंचांचे चाक २८८० च्या वेगावर साडेअकरा हजारांवर जात होते. एके दिवशी अर्धवट गोल केलेला ठोकळा सुटून पत्र्यावर आदळला. पत्र्यावरचा पोचा अजून आहे. दुसऱ्या दिवशी मोटर बदलली.

वाडी

लोखंड कातायचा जुना लेथ स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. मी घेतला होता. लाकडाला हवा तेवढा वेग तो देत नाही, हाताने टूल टेकवायला रेस्ट नसतो, आणि भुसा तेलात मिसळून गिअरमध्ये अशी चिकट पेंड होते की ती खरवडून काढता काढता लाकूडकामाची हौस संपते.

लकडगंज

आमच्या घरी तीन पिढ्या खराद आहे. कोकणात याच कामाला कातकाम म्हणतात नि माणसाला कातारी. धागा उघडणाऱ्या दादांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नये. दोन सूत खाली उतरलेला मणी हा मशीनचा दोष नव्हता, आणि आपले मशीन घेतल्याने तो जाणारही नाही. पाय सारखे यायला नमुन्याची पट्टी लागते. पातळ प्लायच्या पट्टीवर प्रत्येक मणी आणि खाच कुठे सुरू होते नि कुठे संपते याच्या खुणा करून, त्या खुणांवर छोट्या खाचा पाडाव्यात. लाकूड आधी पूर्ण गोल करून घ्यावे, ते फिरत असताना पट्टी रेस्टवर टेकवून त्या खाचांत पेन्सिलचे टोक धरावे, म्हणजे लाकडावर रेघांची कडी उमटतात. मग प्रत्येक कड्यावर कॅलिपर (जाडी मोजायचे साधन) लावून खोली ठरवावी, आणि शेवटी आकार काढावा. पट्टी न लावता नजरेने कातलेले चार पाय आमच्या आजोबांचेच सारखे यायचे, माझे येत नाहीत.

मशीनइतकाच खर्च हत्यारांवर धरावा. वापरलेल्या मशीनबरोबर जी हत्यारे फुकट मिळतात ती पुष्कळदा जुनी कानस घासून केलेली असतात. कानस ठिसूळ असते आणि रेस्टच्या पुढे जास्त काढून धरली तर तुटते. हायस्पीड स्टीलची एक रुंद गोलची (गोल धारेची पटाशी), एक लहान गोलची, एक तिरकी पटाशी आणि एक पार्टिंग टूल (खोल खाच पाडायचे अरुंद हत्यार) एवढे आधी घ्यावे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते, नि साध्या कार्बन स्टीलला ग्राइंडरवर निळा रंग चढला की त्याचे पाणी (कडकपणा) उतरते. शिकताना सागवान वाया घालवू नये. हळदूचा तुकडा मिळाला तर त्यावर हात बसवावा. तो बारीक रव्याचा आहे आणि मणी स्वच्छ उतरतो. ओले लाकूड मात्र मे महिन्यात कातू नये, आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत त्याला टोकाला भेग पडते.

वर्षाला पंधराच पाय असतील तर हिशेबाने लेथ परवडत नाही. हौसेचा हिशेब वेगळा, तो ज्याचा त्याने करावा.

प्रतापनगर

सर्वांचे आभार. काल दोन्ही मशीन पाहून आलो. कामठीच्या "पाच फुटी" मशीनमध्ये सेंटर ते सेंटर ३७ इंच भरले, म्हणजे २९ इंचांचा पाय आरामात बसेल. नाणे पहिल्यांदा पडले, पट्टा उलटा फिरवून लावल्यावर उभे राहिले. टेपरमध्ये करंगळीला काहीच लागले नाही, पण टेलस्टॉकचे टोक एका पोस्टकार्डाच्या जाडीइतके खाली आहे, त्याला मोतीबागच्या काकांनी सांगितलेली पत्र्याची पट्टी घालता येईल. हिंगण्याच्या मशीनचा बेड अधिक भारी आहे आणि मोटरच्या बॉक्समध्ये सहा टोके आहेत. मात्र टूल रेस्टच्या दांड्यावर रंगाखाली शिवण दिसली, आणि ती दाखवल्यावर विकणारे बराच वेळ गप्प राहिले. मी कामठीच्या मशीनचा भाव दोन हजारांनी कमी करून मागितला आहे. त्यांनी रविवारपर्यंत कळवतो असे सांगितले आहे. तोवर चौरंगाच्या जुन्या पायावरून प्लायची पट्टी करायला घेतली आहे. त्यासाठी अर्थातच चारांपैकी बरोबर असलेला एक पाय निवडला.