सापडलेली किल्ली आणि डिजिटल लॉक (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०४: जिन्यात ही किल्ली सापडली. कोणाची आहे? (फोटो)

ए-६०२: ताई, फोटो आधी सगळ्यांसाठी डिलीट करा. कुलपात पाच-सहा पिना असतात. कुठली पिन किती उचलायची हे किल्लीच्या खाचा ठरवतात. सपाट धरून काढलेल्या फोटोवरून त्या खाचा मोजून दुसरी किल्ली कापता येते.

बी-३०४: बाप रे. काढला.

सी-१०१: म्हणून म्हणतो, डिजिटल बसवा. किल्लीची भानगडच नको.

ए-६०२: काका, बहुतेक डिजिटल लॉकना अडीअडचणीसाठी किल्लीचं भोक असतंच, झाकणाखाली. हलक्या लॉकमध्ये तेच सगळ्यात कच्चं असतं. घेताना ॲप नंतर बघा, ते सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, कसलं आहे ते आधी विचारा. आणि ती किल्ली घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. तुम्ही अडकाल तेव्हा दाराबाहेर असाल.

बी-७०३: रात्री सेल संपले तर?

ए-६०२: लॉकच्या खालच्या कडेला धातूचे दोन ठिपके असतात. त्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची आणि तशीच धरून पिन, म्हणजे आकड्यांचा कोड, टाकायची. आतले सेल चार्ज होत नाहीत, फक्त तेवढ्यापुरती वीज मिळते. काही लॉकना त्याऐवजी यूएसबीचं तोंड असतं.
सेल अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे चार मिळून ४.८. लॉक ६ व्होल्ट धरून चालतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून 'लो बॅटरी' ओरडत बसतं. लिथियमचं उलटं. व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि एकदम कोसळतं, इशारा मिळायला वेळच उरत नाही. चारही सेल एकाच वेळी बदला, जुने-नवे मिसळू नका.

डी-२०२: सेल लवकर संपत असतील तर दोष बहुधा दाराचा असतो. दार उघडं ठेवून लॉक चालवा आणि मोटरचा आवाज ऐका. मग दार लावून ऐका. दुसऱ्या वेळी मोटर कण्हत असेल तर बोल्ट, म्हणजे लॉकमधून बाहेर येणारा दांडा, चौकटीतल्या पट्टीला घासतोय. बोल्टच्या टोकाला खडू फासा, दार लावून बोल्ट एकदा बाहेर काढा, पट्टीवर जिथे खूण उमटेल तिथे कानशीने मिलिमीटर-दोन मिलिमीटर घासा. पावसाळ्यात दार फुगतं तेव्हा हे हमखास होतं. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, दार खाली बसलं असेल तर तेवढ्यानेच काम होतं.
आणि पट्टीचे स्क्रू बघाच. सोबत आलेले पाऊण इंची असतील तर एका लाथेत पट्टी निघते, मग कुलूप कितीही भारी असो. तीन इंची घाला.

ई-४०१: आईचं बोट घेतच नाही. दहादा लावावं लागतं.

ए-६०२: वयाबरोबर बोटांवरच्या रेषा पुसट होतात. भांडी-धुणं करणाऱ्यांचंही तेच. दोन्ही हातांची मिळून तीन-चार बोटं नोंदवा, एकच बोट सरळ आणि थोडं तिरकं असं वेगवेगळ्या नावाने नोंदवलं तरी चालतं. सेन्सर कोरड्या फडक्याने पुसा. तरीही जमेना तर त्यांना कार्ड किंवा पिन द्या, उगाच छळ नको.

सी-१०१: पिन तर कोणीही बघेल.

ए-६०२: बऱ्याच लॉकमध्ये खऱ्या पिनच्या आधी-नंतर वाटेल ते आकडे टाकता येतात. मधे खरी पिन सलग आली की उघडतं. पॅडवर बोटांचे डाग सगळीकडे पसरतात हा वरचा फायदा. कारखान्यातून आलेली मास्टर पिन मात्र बसवतानाच बदला. कामाला येणाऱ्यांना वेगळी पिन द्या. काम सुटलं की ती एकच पिन उडवायची. साध्या कुलपात त्यासाठी सिलिंडर बदलावं लागतं. डिजिटल घ्यायचं माझ्या मते खरं कारण हेच.

सेक्रेटरी: मेन गेटच्या कार्डांचं काय?

ए-६०२: १२५ किलोहर्ट्झची कार्डं रीडरला फक्त आपला नंबर सांगतात. तो काही सेकंदांत कोऱ्या कार्डावर उतरवता येतो. १३.५६ मेगाहर्ट्झमध्येही मायफेअर क्लासिक जातीचं कार्ड नको, त्याचं कूट २००८ सालीच फुटलंय. डेसफायर जातीचं विचारा.

डी-२०२: साध्या कुलपात तेल घालू नका रे कोणी. धूळ धरून चिखल होतो आणि पिना अडकतात. ग्रॅफाइट पावडर चिमूटभर फुंका, किल्ली चार वेळा आत-बाहेर करा, बस.

बी-३०४: किल्ली गेटवर दिलीये. सोबत काय अडकवलंय ते सांगेल त्यालाच मिळेल. ज्यांनी मघाशी फोटो पाहिला त्यांनी कृपया गप्प बसावं 😄