थँक्सगिव्हिंग: सण की सेलची पूर्वसंध्या?

फटकळ:
नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकनांचा देवाचे आभार मानायचा थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की इथल्या आपल्या मराठी मंडळींना भरतं येतं: "बघा, अमेरिकनसुद्धा कसे कुटुंबाला धरून असतात!" मला तसं काही दिसत नाही. दुपारी टर्की खायची, टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच लावायची आणि पानावरून उठलं की फोनवर सेल चाळत बसायचं. इतर सुट्ट्यांचंही तेच. मेमोरियल डे खरं तर युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा, पण लोकांच्या लक्षात राहते ती गाद्यांवरची सूट. २००८ साली न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीमच्या वॉलमार्टमध्ये ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे या सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सेलच्या पहाटे गर्दी दार तोडून आत घुसली आणि तिथला एक कामगार पायाखाली तुडवला जाऊन मेला. आदल्या दिवशी हेच लोक देवाचे आभार मानत होते. बोला आता.

वालाचं बिरडं:
साफ असहमत. तुम्हाला कोणी घरी जेवायला बोलावलेलं दिसत नाही (हलकं घ्या). आमच्या शेजारच्या आजीबाईंची टर्की रविवारपासूनच फ्रीजमध्ये वितळत ठेवलेली असते, कारण एवढं धूड एका रात्रीत वितळत नाही. क्रॅनबेरी सॉस मात्र डब्यातलाच हवा. तो बशीत उपडा केला की डब्याच्या वळ्यांसकट थरथरत उभा राहतो, आणि त्यांचा पन्नाशीचा मुलगा पहिली चकती आपल्यालाच मिळावी म्हणून भांडतो. त्यासाठी तो ऐन गर्दीत विमानाचं महागडं तिकीट काढून आलेला असतो. नाताळला धर्म लागतो, ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला देश लागतो. या सणाला जेवायला माणसं असली की झालं. म्हणून तर आपल्यासारखे उपरेही त्यात सहज खपून जातात.

जुनं दप्तर:
दोघांनाही थोडा इतिहास. लिंकनने १८६३ मध्ये ऐन यादवी युद्धात नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला, तिथून हा दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला. १९३९ च्या नोव्हेंबरात गुरुवार आले पाच. शेवटचा ३० तारखेला, म्हणजे नाताळच्या खरेदीला दिवस कमी. व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला! निम्म्या राज्यांनी मानलं, निम्म्यांनी नाही. टेक्सासने दोन्ही गुरुवार पाळले. अखेर १९४१ मध्ये काँग्रेसने (तिथल्या संसदेने) चौथा गुरुवार कायद्याने ठरवून टाकला. या दिवशी न्यूयॉर्कला निघणारी १९२४ पासूनची मेसीजची मिरवणूक तर मेसीज या दुकानाचीच, आणि तिच्या शेवटी सँटा येतो. बाजार या सणात काल-परवा घुसलेला नाही.

फटकळ:
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही पुराव्यानिशी मांडलंत. धन्यवाद!

वालाचं बिरडं:
आणि आपल्याकडे काय हो? धनत्रयोदशीला सोनं, पाडव्याला गाडी, दसऱ्याला फ्लॅटचं बुकिंग. तेव्हा तो 'मुहूर्त', अमेरिकनांनी टीव्ही घेतला की चंगळवाद?

फटकळ:
पाडव्याला गाडी घेतात, पण त्यासाठी पुरणपोळी अर्धी टाकून कोणी उठत नाही.

रात्रपाळी:
मी उठलेय. पूर्वी एका मोठ्या दुकानात कामाला होते. एका वर्षी गुरुवारी संध्याकाळी सहाला हजर व्हा म्हणाले. घरी पाहुणे बसलेले, मी गळ्यात बिल्ला अडकवून बाहेर. रांगेतल्या बायका माझ्याशी फार गोड बोलल्या, "हॅपी थँक्सगिव्हिंग" म्हणाल्या. त्यांचा राग नाही आला. राग याचा, की खासगी नोकरीत सणाची भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा इथे नाही. सगळं मालकाच्या मर्जीवर. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत मोठी दुकानं त्या दिवशी बंद ठेवावीच लागतात. बाकी ठिकाणी बड्या साखळ्यांनी २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने गुरुवारी टाळं लावलं आणि मग तेच चालू ठेवलं. पण सेल आता फोनवर आलाय. गोदामात कोणीतरी उभं असतंच.

जुनं दप्तर:
अवांतर, पण राहवत नाही. ज्या प्लिमथच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जेवणावरून हा सण आला असं सांगतात, तिथे १९७० पासून याच गुरुवारी अमेरिकेचे मूळनिवासी लोक शोकदिन पाळतात. वरच्या 'जेवायला माणसं असली की झालं' या वाक्यात ते कुठे बसतात?

वालाचं बिरडं:
मुद्दा मान्य, पण त्यावर वेगळा धागा काढा. रात्रपाळी, तुमचं पटलं. मग भांडण कायद्याशी आहे ना? सणाला कशाला झोडपायचं?

फटकळ:
कायदा हवाच. पण २०२० च्या आधी मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानं बंद म्हणून तिथलीच मंडळी गुरुवारी संध्याकाळी गाडी काढून शेजारच्या न्यू हॅम्पशायरला जायची. तिथे तेव्हा दुकानं उघडी असायची आणि वर विक्रीकरही नाही.